हलला म्हणजे बोलला

बेशुद्ध माणसाशी गप्पा मारणारा डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिला. पेशंटच्या डोळ्यांवर चिकटपट्टी, तोंडात नळी, आणि आमचे सर त्याच्या कानाशी वाकून सांगतायत, "मामा, आता डॉक्टर पोटाला हात लावणार आहेत. तुम्हाला कळणार नाही. कळलंच, तर मी इथंच उभा आहे." समोरचे सर्जन मास्कच्या आत हसायचे. एकदा एका सर्जननं विचारलं, "सर, मामा काय म्हणाले मग?" सर मान वर न करता म्हणाले, "मामा म्हणाले, ह्या डॉक्टरला जरा हळू बोलायला सांगा."

लातुरातल्या लहानमोठ्या दवाखान्यांत ते भूल द्यायला जायचे. आज या गल्लीत सिझेरियन, उद्या त्या चौकात हर्निया. स्वतःचा दवाखाना त्यांनी काढला नाही. मूळचे नांदेडचे. वडील शाळामास्तर, निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. त्यामुळं सरांच्या तोंडी रुमालाला दस्ती, काळजीला फिकीर. 'भूल' हा शब्द त्यांना मुळीच चालायचा नाही. "भूल जत्रेत पडते, बेटा. इथं बेहोशी असते," म्हणायचे. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर, नोकरी बदलत लातुरातल्या चार-पाच दवाखान्यांत राहिलेली. रेणापूरजवळच्या खेड्यातली, घरात पहिली शिकलेली. निवृत्त होईपर्यंत मी सात-आठ भुलीचे डॉक्टर पाहिले. हुशार सगळेच होते. पण भीती वाटायची ती या एकाच माणसाला, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

भीती एका इंजेक्शनची. लोकांना वाटतं, भूल म्हणजे एक सुई टोचली की झालं. तसं नसतं. झोपवणारं औषध वेगळं आणि स्नायू ढिले करणारं वेगळं. त्या दुसऱ्याला आम्ही रिलॅक्संट म्हणतो. ते दिलं की पोट मऊ पडतं, सर्जनचं काम सोपं होतं. पण मग पेशंटला बोट हलवता येत नाही, पापणी उघडता येत नाही, श्वाससुद्धा आपला आपण घेता येत नाही. तो आपण पिशवी दाबून द्यायचा. झोप मात्र त्या औषधात थेंबभरही नसते. सर प्रत्येक नव्या सिस्टरला पहिल्या दिवशी हेच सांगायचे. "हे औषध झोपवत नाही. फक्त बेबस करतं. झोपेचं संपलं आणि हे उरलं, तर माणूस जिता कबरीत."

म्हणून त्या औषधाचा थाट वेगळा. त्याच्या कुप्या थंड ठेवाव्या लागतात, तर सर त्या बर्फ घातलेल्या चहाच्या थर्मासमधून आणायचे. एका दवाखान्यात मालकीणबाईंनी तो थर्मास रिकामा करून, स्वच्छ घासून, त्यात सरांसाठी वेलदोड्याचा चहा भरून पाठवला. कुप्या टेबलावर उन्हात ठेवलेल्या. सरांनी चहा घेतला नाही आणि त्या कुप्याही वापरल्या नाहीत. स्कूटर काढली, घरून दुसऱ्या कुप्या घेऊन आले. तासभर सर्जन हातमोजे घालून बसून. बाहेर आल्यावर सर बाईंना म्हणाले, "वहिनी, चहा छान होता. वासावरून कळलं."

सिरिंज भरायची त्यांनी, तिला लाल लोकरीचा धागा बांधायचा त्यांनी, ठेवायची इतर सिरिंजपासून हातभर लांब, आणि द्यायचीही त्यांनीच. दुसऱ्या कुणी हात लावला तर भरलेली सिरिंज सांडून नवी भरायचे. सर्जन लोक वैतागायचे. "सर, मुंज लागली का तिची?" असं कुणी विचारलं, की सर म्हणायचे, "हो. आता तिला शिवायचं नाही."

आणखी एक त्यांची तऱ्हा होती. नवी सिस्टर आली, की काम संपल्यावर तिला टेबलावर आडवी करायचे. डोळ्यांवर पट्टी. "पंधरा मिनिटं. हलायचं नाही, बोलायचं नाही, खाजवायचं नाही." आणि बाकीच्यांना सांगायचे, तुमची रोजची बडबड चालू ठेवा. पोरी आधी हसायच्या. सात-आठ मिनिटांनी हसू बंद व्हायचं. एक जण तर रडतच उठली. आपण तिथं पडलोय आणि वर दोघी जणी आपल्याच लग्नाचं बोलतायत, हे तिला सहन झालं नाही. "आता कळलं?" सर म्हणायचे. "इथं पेशंटच्या तोंडावर बोलता येणार नाही असं काही त्याच्या डोक्यावर बोलायचं नाही. एवढंच."

माझ्या नंतर आलेली प्रत्येक जण त्या टेबलावर झोपली. मला त्यांनी कधी झोपवलं नाही. बरोबरीच्या पोरींना वाटायचं, मी त्यांची लाडकी. मीही तसंच वाटू दिलं.

लातुरात क्लासेसचा पूर आला तेव्हाची एक गोष्ट सांगते. ज्या गल्लीत किराणा होता तिथं अभ्यासिका झाल्या, घराघरात मुली खाटा लावून राहायला लागल्या, भिंती गुणवंतांच्या फोटोंनी भरल्या. किनवटकडची एक मुलगी डॉक्टर व्हायला लातुरात आलेली, आणि परीक्षेला दहा दिवस असताना तिचं अपेंडिक्स सुजलं. ऑपरेशन नीट झालं. बाहेर बाप येरझाऱ्या घालत होता. आत सर्जनला पुढच्या पेशंटची घाई. मुलीनं डोळे उघडले, सरांनी नळी काढली, ती हूं हूं करायला लागली. सर्जन म्हणाले, "हलवा वॉर्डात."

सर म्हणाले, "मान उचल बेटा. उशीवरून वर. मी पाच मोजतो." हा त्यांचा कायदाच होता. रिलॅक्संटचा असर पुरता उतरला असेल तर माणूस पाच मोजेपर्यंत मान अधांतरी धरू शकतो. नाही धरली, तर वरून जागा दिसला तरी तासाभरात वॉर्डातल्या कोपऱ्यात त्याचा श्वास मंद पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलीची मान दोनला पडली.

"अहो, बोलतीय की ती," सर्जन म्हणाले.

सर मुलीकडे वाकले. "नस आणि स्नायू जिथं भेटतात, तिथं निरोप कोण नेतं?"

मुलगी डोळे मिटूनच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ॲसिटिलकोलीन."

"शाबास. मार्क मिळाले. आता मान उचल." मान पुन्हा तीनला पडली. सर सर्जनकडे वळले, "तिचं पाठांतर झालंय. मानेचं अजून व्हायचंय." आणि ट्रॉलीच्या चाकाला पाय लावून उभे राहिले. पाऊण तास. पुढचा पेशंट बाहेर, सर्जनचा पारा वर. शेवटी मुलीनं पाच काय, सात मोजेपर्यंत मान धरली, मग सरांनी पाय काढला. त्या दवाखान्यातून त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. असे दवाखाने एकेक करून तुटत गेले. नवे पोरसवदा डॉक्टर आले, ते चटचट कामं उरकायचे. सरांना त्याचं वाईट वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वाटायचं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

आणि त्यांचं एक वाक्य होतं, ते सगळ्या लातूरच्या थिएटरांत नकलेसाठी प्रसिद्ध होतं. ऑपरेशन चालू असताना पेशंटचा हात किंवा पाय जरासा हलला, की सर्जन ओरडतात, "सर, हलतोय, रिलॅक्संट द्या." सर हात वर करून म्हणायचे, "हलला म्हणजे बोलला. आधी काय म्हणतोय ते बघू." मग नाडी बघणार, डोळे बघणार, झोपेच्या औषधाची बाटली बघणार, आणि मगच लाल धाग्याच्या सिरिंजला हात. लोक नक्कल करायचे तेव्हा मी खोलीबाहेर जायचे. कारण ते वाक्य कुठून आलं ते दोघांनाच ठाऊक होतं, सरांना आणि मला.

भूकंप झाला त्या आठवड्यातलं आहे ते. तेव्हा मी नोकरीला लागून आठ महिने झाले होते, एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात. औशाकडच्या गावांतून टेंपो, ट्रक, ट्रॅक्टर, मिळेल त्यातून माणसं येत होती. सगळी मातीनं एकाच रंगाची. आमच्या थिएटरात एकच टेबल होतं. दुसरं म्हणून बाकडं आणून लावलं. सर्जन तीन आणि भूल द्यायला सर एकटे. दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी पाठ टेकली नव्हती.

त्यात एक बाई होती, सत्तावीस-अठ्ठावीसची. नवरा आणि सासू जागेवरच गेलेले. ती आणि तिची सात वर्षांची पोरगी एकाच टेंपोतून आल्या. बाईचा पाय चेंगरलेला, पोरीच्या पोटाला मार. दोघींची ऑपरेशनं ठरली. पोरीला न्यायच्या आधीच, सकाळी, ती गेली. आईला सांगितलं नव्हतं. ती दुसऱ्या खोलीत होती आणि तिचा पाय गुडघ्याखाली काढायचा होता. दुपारी तिला टेबलावर घेतलं.

सरांनी तिला झोपवलं, रिलॅक्संट दिलं, नळी घातली, झोपेचा गॅस चालू केला. तेवढ्यात बाकड्यावरच्या म्हाताऱ्याचा श्वास अडकला. सर तिकडं धावले. पिशवी माझ्या हातात दिली, "दाबत राहा." मी दाबत राहिले. ज्या औषधाचा गॅस होतो त्याची बाटली संपत आली होती. ती मी पाहिली नाही. पाहायची असते हेच मला माहीत नव्हतं. थोड्या वेळानं बाईचा हात हलला. बोटं उघडली, मिटली. मी ओरडले, "सर, हात हलतोय!" सरांनी पाठमोऱ्यानंच सांगितलं, "ट्रेमधलं रिलॅक्संट दोन सीसी दे." मी दिलं. हात थांबला.

मग तिच्या डोळ्यांवरच्या पट्टीखालून पाणी यायला लागलं. मी ते बोळ्यानं पुसलं. मला वाटलं, गॅसनं डोळा चुरचुरत असेल. आणि शेजारी अवजारं देणाऱ्या सिस्टरला मी म्हणाले, "हिची पोरगी सकाळीच गेली गं. पाणी पाणी करत गेली. हिला आजून कुनी सांगितलंच न्हाई." कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला उभंच राहवत नव्हतं. पाणी पुन्हा आलं, मी पुन्हा पुसलं.

सर परत आले, नाडीला हात लावला, बाटलीकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला तसा मी नंतर कुणाचाही पाहिला नाही. त्यांनी धावत बाटली भरली. तिच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाले. पेशंटशी बोलताना मी त्यांना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

शुद्धीवर आल्यावर बाईनं पायाचं विचारलंच नाही. "मला सपान पडलं. येक बाई बोलत हुती. पोरगी गेली मनली. कुटं हाय माजी पोरगी?" तिच्या भावानं मन घट्ट करून सांगितलं, पोरगी सोलापूरच्या दवाखान्यात आहे. पोरीला त्यानंच माती दिली होती. आम्ही सगळ्या म्हणालो, भास झाला अक्का, औषधाचा असर आहे. बाई डोळे मिटेना. बसल्या बसल्या पेंगायची आणि दचकून उठायची. "मला हात हलवता येत नव्हता, मी वरडत हुते, कुनाला ऐकू येत नव्हतं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. चौथ्या दिवशी सासरची माणसं म्हणायला लागली, ही भानामती आहे, हिला बाबाकडं न्या. ट्रस्टचे मोठे डॉक्टर म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, कुणी काही बोलायचं नाही.

सर बोलणार हे मला दिसत होतं. मी त्यांना जिन्यात गाठलं. "सर, माझं नाव नका घेऊ. मला काढून टाकतील. आमच्या घरात मी एकटीच शिकलेय सर." मी पाया पडले. त्यांनी कठडा धरला. मग म्हणाले, "नाही घेणार. जबान दिली." मला हलकं वाटलं. त्या क्षणी हलकं वाटलं याची मला आजही लाज वाटते.

त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्या खाटेशी बसले. मी दाराआड. "बाई, तुम्हाला सपान पडलं नव्हतं. तुम्ही जाग्या होतात. बेहोशीचं औषध संपलं, माझ्या ध्यानात आलं नाही. तुम्ही हात हलवून मला सांगत होतात, मी तो हातसुद्धा बंद केला. चूक माझी आहे. आणि तुम्ही ऐकलं ते खरं आहे."

बाई भावाकडं वळली. "बग. मी येडी न्हाई." एवढं म्हणून ती रडायला लागली. मग तिनं विचारलं, "ती बाई कोन हुती?"

"बाई नव्हती," सर म्हणाले. "मीच बोललो ते."

पेशंटशी खोटं बोलायचं नाही म्हणून ज्यानं त्या ट्रस्टच्या दवाखान्यातलं आपलं काम घालवलं, त्या माणसानं खोटं बोललेलं मी तेवढंच ऐकलं. ते माझ्यासाठी होतं, आणि बाईला ते क्षणभरही पटलं नाही. बाईमाणसाचा आवाज तिला कळत नव्हता होय?

पुढं ती लातुरातच राहिली. जयपूर फूट लावून उभी राहिली, आणि क्लासेस वाढले तशी मुलींच्या होस्टेलांच्या गल्लीत तिनं मेस काढली. सर दर वर्षी गणपती गेले की तिच्याकडं जायचे. जाताना माझ्या दाराशी स्कूटर थांबवायचे. "येतेस?" एवढंच. मी म्हणायचे, "ड्यूटी आहे सर." निवृत्त झाल्यावर ड्यूटी उरली नाही, मग गुडघे दुखायला लागले. माझी मुलगी क्लासला जायची तेव्हा तिच्या मैत्रिणींचे डबे त्याच मेसमधून यायचे. मी तिला तो घास घेऊ दिला नाही. पोटाला बाधेल म्हणाले. त्या गल्लीतून मी कधी गेले नाही.

शेवटी शेवटी स्कूटर सुटली, ते रिक्षानं यायचे. एका वर्षी उंबऱ्यातच थांबून म्हणाले, "तिला भांडायचं नाही, बेटा. एक विचारायचंय. त्याचं उत्तर मला येत नाही." मी विचारलं नाही, काय विचारायचंय. चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, ती म्हणेल, जीभ का नाही झडली तुझी. आणि सरांनी दिलेली जबान अशी, की माझ्या तोंडून आल्याशिवाय त्यांना माझं नाव घेता येत नव्हतं. दर वर्षी ते तिच्यासमोर त्याच खोट्यासकट बसत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी मला ते कधी सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या पावसाळ्यात सर गेले. गणपती आले, गेले. दाराशी कुणी थांबलं नाही. दोन दिवस मी घरात उगाच कामं काढत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा केली.

डबे रवाना झाले होते. बाई पाटावर पाय पसरून मेथी निवडत बसली होती. केस पांढरे झालेले. मी दारातूनच म्हणाले, "अक्का, डॉक्टरसाहेब गेले. सांगायला आले."

तिचे हात मेथीत थांबले. तिनं वर पाहिलं नाही. डोळे मिटून घेतले.

"परत बोला."

"काय बोलू?"

"काई बी बोला."

"मी त्यांच्या हाताखाली काम केलंय. सिस्टर होते थिएटरात."

"लई उशीर केलाव, बाई," ती डोळे मिटूनच म्हणाली. राग नव्हता त्या आवाजात. मी चौकट धरली.

"पानी पानी करत गेली मनलाव तुमी. डॉक्टरसायबाला दर साली इचारलं, त्येंला म्हाईत न्हाई. भावाला म्हाईत न्हाई." तिनं मेथी बाजूला सारली. "कुनी पाजलं का न्हाई तिला?"

हो म्हणायला एवढासा वेळ लागला असता. तीस वर्षं मी सरांच्या खोट्याच्या आड उभी राहिले होते, अजून एकानं काय झालं असतं. पण तिनं डोळे मिटले होते आणि ती फक्त ऐकत होती, आणि मला ते जमलं नाही.

"नाही अक्का," मी म्हणाले. "तिला ऑपरेशनला न्यायचं होतं. पोट रिकामं लागतं. पाणी देता येत नव्हतं. झालं की देते म्हणून सांगितलं होतं तिला. कापूस ओला करून ओठांवरनं फिरवला. तीनदा. तिसऱ्या वेळी तिनं तो कापूस ओठांत धरून ठेवला. सोडेना."

बाईचे ओठ हलले. मग आवाज आला.

"कुनी फिरवला?"

"मी," मी म्हणाले.